पिलाची अन्नपिशवी : न वाचलेली नोंद

खडकी येथील शासकीय मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून एकदिवसीय पिलांचा डबा घेऊन निघणारा शेतकरी पहिला प्रश्न विचारतो तो औषधाचा. पाण्यात कोणती पूड घालावी, कोणते टॉनिक द्यावे, हे तो आवर्जून विचारून घेतो. आणि घरी गेल्यावर पिले माना टाकू लागली म्हणजे तोच प्रश्न अधिक काकुळतीने विचारतो. परंतु पिलाच्या मानेच्या बुडाशी, छातीच्या वर, किंचित उजव्या अंगास जी अन्नपिशवी असते, ती बोटांनी चाचपून पाहिली काय, असे त्यास उलट विचारले तर बहुधा उत्तर मिळत नाही. आमचे स्पष्ट मत असे आहे की, अन्नपिशवीचे विकार म्हणून जे समजले जातात, त्यांपैकी पुष्कळसे मुळात विकार नसून पाणी, ऊब आणि अंथरूण यांतील हयगयीची ती नोंद होय. ही नोंद वाचावयास शिकणे हे औषधांची नावे पाठ करण्यापेक्षा अधिक अगत्याचे आहे.

पक्ष्यास दात नाहीत. टिपलेला दाणा प्रथम या पिशवीत साठतो, पाण्याने भिजून मऊ होतो, मग जठरात उतरतो आणि पुढे पेषणीत रेतीच्या खड्यांनी दळला जातो. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलाच्या पोटात बलकाची शिदोरी शिल्लक असते. तिच्यावर ते दोनतीन दिवस तग धरते, आणि म्हणूनच पिलांचे डबे दूरच्या गावी धाडणे शक्य होते. परंतु शिदोरी आहे म्हणून जेवण लांबवावे, असा तिचा अर्थ नव्हे. भोर, मुळशी किंवा पुरंदरच्या वाटेने एस.टी.त बसून गेलेले पिलू घरी पोहोचते तेव्हा तहानलेले असते. खुडूक बसलेली कोंबडी आपल्या पिलांस दाणा टिपून दाखविते; यंत्रात उबलेल्या पिलास आई नाही. तेथे पाळणाऱ्यानेच आई व्हावयाचे असते.

आता नोंद वाचावी कशी ते सांगतो. शंभर पिलांतून निरनिराळ्या कोपऱ्यांतील तीस पिले अलगद उचलावीत आणि दोन बोटांत पिशवी हलकेच धरून पाहावी. दाणापाणी दाखविल्यापासून दोन तासांनी चारांपैकी तिघांच्या पिशवीत काही तरी लागले पाहिजे, आणि चोवीस तासांनी शंभरांत पंचाण्णवांची पिशवी भरलेली पाहिजे. पिशवी गोल व पेजेसारखी मऊ लागली तर सर्व ठीक आहे. टणक लागून कणी न् कणी बोटास जाणवली तर दाणा मिळाला पण पाणी मिळाले नाही, असे समजावे. पाण्याच्या फुग्यासारखी डबडबीत लागली तर पाणी मिळाले पण दाणा सापडला नाही. रिकामीच असली तर दोन्ही नाही. आणि तेव्हा दिव्याकडे पाहावे. पिले दिव्याखाली एकावर एक चढली असतील तर ऊब कमी आहे. चोची उघड्या टाकून कडेला पळाली असतील तर ती जास्त आहे. पहिल्या आठवड्यात पिलांच्या उंचीवर 32 ते 35 अंश सेल्सिअस ऊब असावी व पुढे दर आठवड्यास सुमारे 3 अंशांनी ती कमी करीत जावे. थंडीने काकडलेले पिलू दाण्याकडे जातच नाही. मग ते अशक्त दिसते आणि आपण औषध शोधू लागतो.

रात्रभर दाणा बंद असूनही सकाळी पिशवी टणकच राहिली, तर ती तुंबली असे समजावे. पिलाने लाकडाचा भुसा, सुतळीचे धागे किंवा लांब गवत गिळले, अथवा रेती न देता अख्खे धान्य घातले, म्हणजे असे होते. यासाठी पहिले काही दिवस तुसावर खरखरीत कागद किंवा गोणपाट अंथरावे. गुळगुळीत कागदावर पिलांचे पाय फाकतात. तुंबलेले पिलू वेगळे काढून उबेत ठेवावे. चोचीच्या कडेने कोमट पाणी थेंब थेंब द्यावे, एकदोन थेंब गोडे तेल द्यावे, पिशवी हलक्या हाताने चोळावी आणि काही तास फक्त पाण्यावर ठेवावे. लहान जीवास दिवसभर उपाशी ठेवू नये. पिशवी चिरून मोकळी करणे हे पशुवैद्याचे काम आहे, घरच्या पात्याचे नव्हे.

पिशवी लिबलिबीत होऊन चोचीस आंबूस वास येऊ लागला तर आतील अन्न आंबले आहे. अस्वच्छ पाणी, बुरसटलेले खाद्य आणि प्रतिजैविकांचा फार दिवस मारा, यांनी आत बुरशी माजते. अशा पिलास उलटे धरून पिशवी पिळण्याची रीत ठिकठिकाणी आढळते. ती सोडावी, तो द्रव श्वासनलिकेत शिरून पिलू जागीच दगावते. पाणी बदलावे, भांडी घासून उन्हात वाळवावीत, आणि बुरशीवरील औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे. मोरचूद चिमटीने घालू नये; तो प्रमाणाबाहेर गेल्यास विषच होय.

मात्र एक भेद विसरता कामा नये. एकदोन पिलांची पिशवी बिघडली तर घरचे उपाय करावेत. परंतु एकाच दिवशी अनेक पिले सुस्त होऊन त्यांच्या पिशव्या साचलेल्या लागल्या, आणि जोडीला धाप, हिरवी हगवण किंवा मान वाकडी होणे दिसले, तर हा मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा संशय आहे. त्यावर औषध नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात टाकावयाची लासोटा लस हाच बचाव. राणीखेतची लस खडकीपासून जवळच, औंध येथील शासकीय संस्थेत तयार होते. तरीही गावोगाव पिले बिनलशीची राहतात, हे लाजिरवाणे आहे.

कोणी म्हणतील, शेतीच्या धबडग्यात पिलांचे गळे चाचपीत कोण बसणार? तीस पिले पाहावयास दहा मिनिटे पुरतात. प्रस्तुत लेखकाची हयात महसुली दप्तरात गेली. शेतावर न जाता चावडीत बसून लिहिलेली पीकपाहणी काय किंमतीची असते, हे त्यास ठाऊक आहे. डब्याचे झाकण उघडून वरवर पाहिलेली पिले ही त्याच जातीची पाहणी होय.

शासनाच्या योजनेतून शंभर एकदिवसीय पिलांचे गट निम्म्या अनुदानावर देण्यात आलेले आहेत. अर्ज पुष्कळदा घरधन्याच्या नावाचा, सही त्याची, प्रशिक्षणास बसतो तोही तोच; परंतु पहाटे उठून पाणी बदलते ती घरची बाई. जिच्या हाती पिले, तिच्याच बोटांस ही विद्या मिळाली पाहिजे. म्हणून आपल्या संघास आमची आग्रहाची विनंती आहे की, सभासदांसाठी पिले आणविली जातील त्या दिवशी घरच्या बायकांस बोलवावे, प्रत्येकीच्या हातात भरलेल्या व रिकाम्या पिशवीचे पिलू देऊन फरक दाखवावा, आणि पहिल्या आठवड्याची सकाळसंध्याकाळची नोंद ठेवण्यास एक साधा तक्ता द्यावा. यास खर्च एका कागदाचा आहे. अनुदानाने घरात पिले येतात. ती तलंगा होऊन अंड्यावर यावयाची असतील, तर पहिल्या रात्री कोणी तरी त्यांचा गळा चाचपून पाहिलेला असला पाहिजे.