गणना कसणाऱ्याची की सातबाऱ्याची?

१९७०-७१ पासून देशात साधारणतः दर पाच वर्षांनी कृषिगणना होते. तिची व्याख्या पुरोगामी आहे: जमिनीची मालकी कोणाचीही असो, जो ती प्रत्यक्ष कसतो त्याचे वहितीक्षेत्र मोजावयाचे. पद्धत मात्र या व्याख्येशी इमान राखीत नाही. महाराष्ट्रात गणनेचा पहिला टप्पा तलाठ्याच्या दप्तरावरून पार पडतो. सातबाऱ्यावरून वहितीदारांची यादी होते. पुढे नमुन्यादाखल वीस टक्के गावांतून पिके व सिंचन आणि सात टक्के गावांतून खते-बियाण्यांचा तपशील घेतात.

वसई तालुक्यात याचा अर्थ काय होतो? तोंडी बोलीवर दुसऱ्याची वाडी पिकविणारे कूळ, पूर्वेकडे वनपट्ट्याची वाट पाहणारा आदिवासी, नवऱ्याच्या नावावरील भाजीमळा राखणारी स्त्री, यांचे नाव सातबाऱ्यावर नाही. मग ते गणनेच्या यादीत येणार कोठून? आणि नियोजन तर याच आकड्यांवर उभे राहते.

मालकाखेरीज अन्य कोणी जमीन कसत असल्यास त्याच्या नोंदीसाठी १९७१ च्या अधिकार-अभिलेख नियमांत नमुना १४ आहे. पुढील गणनेची वाट न पाहता कार्यकर्त्यांनी गावोगाव चावडीवाचनाचा आग्रह धरावा आणि ही नोंद करवून घ्यावी. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा देणाऱ्यांनी आधी कसणाऱ्याचे नाव दप्तरात आणले पाहिजे.