खड्ड्यांवर उपाय म्हणून अडीच टनांची गाडी?

माझी एक चूक जाहीर सांगतो. गेल्या वर्षी दिल्ली पासिंगची, आठ वर्षं जुनी परदेशी ऑफ-रोड एसयूव्ही घेतली. नव्या क्रेटाच्या भावात लक्झरी! तिकडच्या दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली, तेव्हापासून असा माल इकडे स्वस्तात येऊ लागला.

एनओसी, इथला टॅक्स, नवा नंबर, यातच खिसा रिकामा. मग एअर सस्पेन्शन गेलं, गाडी म्हशीसारखी एका अंगावर बसली. बिल लाखात. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये अ‍ॅव्हरेज आठ. लो-रेंज गिअर वर्षात एकदाही टाकला नाही.

पण हे पैशाचं रडगाणं नाही. घेतली कशाला? तर "रस्ते खराब आहेत हो!" आणि खरंच, वर बसलं की खड्डे जाणवत नाहीत. गोम तिथेच आहे. पूर्वी मी खड्ड्यांचे फोटो काढून तक्रारी करायचो. गाडी आली आणि मी गप्प झालो. शेजारून लेकराला मागे बसवून जाणारी बाई मात्र स्कूटरवरून त्याच खड्ड्यात आदळते.

ज्यांचं चार लोक ऐकतात, तेच उंचावर जाऊन बसले तर चांगला रस्ता मागणार कोण?

डोंगरात जायचं असेल तर जरूर घ्या. खड्ड्यांसाठी नको. त्यापेक्षा उद्या वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि तिचा फोटो इथे कमेंटमध्ये टाका. माझी पहिली.