झाडाने टाकलेली फांदी आणि माणसाने तोडलेली

अमरावतीच्या कॅम्पात किंवा अकोल्याच्या जुन्या वसाहतींत, जेथे अजून एखाद्या बंगल्याभोवती ऐसपैस आवार शिल्लक आहे, तेथे कौलांच्या वर चढलेले, मजल्यामजल्यांनी फांद्यांची वर्तुळे मांडीत गेलेले एक सरळसोट झाड पुष्कळांनी पाहिले असेल. लोक त्याला सरसकट ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात, वनस्पतिशास्त्र त्याला ऑराकेरिया म्हणते. अशाच एका झाडाच्या बुंध्याशी पडलेली डहाळी मी परवा उचलून पाहिली. हातभर लांब, सुंभाच्या दोरासारखी, तांबूस होऊन वाळलेली. पण तिचे एकही पान तिला सोडून गेलेले नव्हते. निंब पाने गाळतो, साग पाने गाळतो; हे झाड मात्र पानांसकट डहाळीच गाळते. मी तिचे देठाकडचे टोक निरखले, तर त्यावर ओरबाडल्याची खूण नव्हती, मोडलेल्या काडीच्या चिंध्या नव्हत्या. पिकलेले फळ देठापासून सुटावे तशी ती सांध्यातून सुटली होती.

ऑराकेरियाच्या कुळातील सर्वांत दुर्मिळ वृक्ष ऑस्ट्रेलियात आहे. सिडनीच्या वायव्येस सुमारे दीडशे किलोमीटरांवर, वोलेमी राष्ट्रीय उद्यानातील एका खोल घळीत, डेव्हिड नोबल नावाच्या वनरक्षकाला सप्टेंबर १९९४ मध्ये तो आढळला, आणि पुढे त्याच्याच नावावरून वोलेमिया नोबिलिस असे त्याचे नामकरण झाले. अरण्यात त्याची पूर्ण वाढलेली झाडे शंभरही नाहीत. माणसाच्या बुटांबरोबर मुळे कुजविणारी बुरशी आत जाऊ नये म्हणून ती जागा गुप्त ठेवलेली आहे, आणि २०१९-२० च्या वणव्यात अग्निशामकांनी विमानांतून पाणी टाकून ती घळ वाचविली. या वृक्षाची वाढण्याची रीत विलक्षण आहे. त्याच्या खोडातून निघालेल्या फांदीला सहसा उपफांद्या फुटत नाहीत. ती काही वर्षे सरळ वाढते, शेवटी तिच्या टोकाशी नर किंवा मादी शंकू धरतो, आणि शंकूचे काम झाले की आख्खी फांदी, पानांसुद्धा, खाली येते. तिच्या जागी खोडात निद्रिस्त असलेल्या अंकुरांतून दुसरी फांदी निघते. प्रत्येक फांदीला तिची मुदत आहे आणि मुदत भरल्यावर तिला निरोप देण्याची तजवीज झाडाने आधीच करून ठेवलेली असते.

ऑराकेरियासारखा सूचिपर्णी वृक्ष आज वऱ्हाडात आपोआप उगवत नाही, हे खरे. परंतु सूचिपर्णींचा हा वर्ग या भूमीला सर्वस्वी परका आहे असे समजू नये. नागपूरजवळच्या टाकळी येथे, काळ्या पाषाणाच्या थरांमधील गाळात, सूचिपर्णींच्या शंकूंचे अश्मीभूत अवशेष सापडले होते आणि बिरबल साहनी यांनी १९३१ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. ज्या लाव्ह्याच्या खडकापासून आपली कापसाची काळी माती झाली, त्याच लाव्ह्याने ती झाडे झाकली.

ऑराकेरियाच्या शेंड्याचा आणि बाजूच्या फांदीचा धर्म वेगळा असतो, ही गोष्ट माळ्यांना ठाऊक असते. शेंड्याचे कलम लावले तर त्याचे झाड होते. बाजूच्या फांदीचे लावले तर ते मुळे धरते, जगते, परंतु जन्मभर जमिनीला समांतर पसरत राहते, उभे राहत नाही. म्हणून ज्याने उंचीला भिऊन ऑराकेरियाचा शेंडा उडविला, त्याने ज्याची जागा कोणतीही बाजूची फांदी घेऊ शकत नाही असा एकच एक अवयव उडविला. खोडातून नवे शेंडे फुटतात, पण पुष्कळदा एकाच्या जागी दोन-तीन, आणि ते झाड पुन्हा पूर्वीचे दिसत नाही.

हे सारे मला लिहावेसे वाटले ते आपल्या शहरांत दरसाल मृगाच्या आधी जे चालते त्यामुळे. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांपुढे जातो, सावलीची किंमत याच दिवसांत माणसाला कळते, आणि नेमक्या याच दिवसांत तारांना फांद्या लागतात या सबबीवर रस्त्याकडेचे निंब आणि गुलमोहर खांद्यापासून तोडले जातात. फांदी अर्ध्यावर तोडून खुंट ठेवतात, नाहीतर वरून घाव घालून ती खाली सोलत जाऊ देतात, म्हणजे वजनाने सालीची हातभर पट्टी खोडावरून निघून येते. अमेरिकेतील वनसेवेचे शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखविले की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड ती आतल्या आत कोंडून घेते, आणि ते कोंडण्याचे सामर्थ्य फांदीच्या बुडाशी असलेल्या किंचित फुगीर कड्यात असते. ते कडे राखून त्याच्या बाहेर कापले तर झाड निभावते. खुंट ठेवला की तो कुजतो, आणि कडेच तासले की कूज थेट खोडात शिरते. वर बोडक्या टोकाभोवती जे दाट फुटवे येतात त्यांचा सांधा कच्चा असतो, आणि पुढल्या वळवाच्या वावटळीत रस्त्यावर कोसळतात ते तेच. धोका टाळण्यासाठी केलेली तोड अशा रीतीने नवा धोका उभा करते.

याला लागणारे ज्ञान आपल्याला दुरून आणावयाचे नाही. वरुड-मोर्शीकडचा संत्र्याचा बागाईतदार तोडणी झाल्यावर, बहाराचे पाणी देण्यापूर्वी, झाडाची सल काढतो: वाळक्या काड्यांबरोबर थोडे हिरवे लाकूडही घेतो, कात्री औषधात बुडवितो, मोठ्या कापावर बोर्डो मलम लावतो. अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून या प्रांताच्या शेतीची सेवा करीत आहे. ज्या अमरावती जिल्ह्यात संत्र्याच्या डहाळीची एवढी काळजी घेतात, त्याच जिल्ह्याच्या मुख्य शहरात साठ वर्षांच्या निंबावर कुऱ्हाड कोणाच्याही हाती द्यावी, हे मला लाजिरवाणे वाटते.

कायदा आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ याच्या व्याख्येप्रमाणे झाड तोडणे म्हणजे केवळ ते आडवे करणे नव्हे. जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही तोडणेच आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसावृक्षाचा दर्जाही मिळाला. तेव्हा अमरावती आणि अकोला या दोन्ही महानगरपालिकांनी छाटणीचे काम देताना ठेक्याच्या शर्तींत कड्याबाहेर कापण्याची अट घालावी, मजुरांना ती पद्धत एकवार झाडाशी उभे करून दाखवावी, आणि या शिक्षणासाठी कृषी विद्यापीठाची मदत मागावी. यात खर्च फारसा नाही.

वाचकांना माझी विनंती याहून लहान आहे. यंदा तुमच्या दारापुढे करवत घेऊन माणसे येतील, तेव्हा त्यांना चहा विचारा, फांदीच्या बुडाशी बोट ठेवून ते फुगीर कडे दाखवा, आणि आधी खालून एक काप घ्यावयास सांगा, म्हणजे साल सोलणार नाही. शेंड्याला मात्र हात लावू देऊ नका.