गडाची ऐपत आणि पुणेकरांचा रविवार

दिनांक ११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे जागतिक वारसा समितीच्या ४७ व्या अधिवेशनात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद जागतिक वारशाच्या यादीत झाली, तेव्हा महाराष्ट्रात आनंदीआनंद झाला. पेढे वाटले गेले, फलक लागले, श्रेय कोणाचे यावर थोडी हमरीतुमरीही झाली. हे सर्व स्वाभाविकच होते. या बारांपैकी अकरा किल्ले महाराष्ट्रात आहेत, बारावा तमिळनाडूतील जिंजी. आणि अकरांपैकी शिवनेरी, लोहगड व राजगड हे तीन एकट्या पुणे जिल्ह्याच्या वाट्याला आले आहेत. हा मान मोठा आहे. परंतु मानाबरोबर जी जबाबदारी येते तिची चर्चा पेढ्यांच्या प्रमाणात झाली, असे मात्र म्हणता येणार नाही.

पुण्याचे आणि गडांचे नाते जुने आहे. लोकमान्य टिळक विश्रांतीसाठी आणि लेखनासाठी सिंहगडावर जात. त्यांचा बंगला तेथे आजही उभा आहे. गो. नी. दांडेकरांनी आपल्या लेखनातून मराठी तरुणांच्या एका सबंध पिढीला दुर्गभ्रमणाचे वेड लावले. त्या काळी गडावर जाणारा माणूस एस.टी.ने पायथ्याचे गाव गाठी, शिदोरी बांधून नेई आणि टाक्यातले पाणी पिऊन परते. त्याच्या जाण्याने गडाचे काही बिघडत नसे, कारण असे जाणारे मूठभर होते. आज पावसाळ्यातील कोणत्याही रविवारी सिंहगडाच्या घाटात वाहनांची जी रांग लागते, ती पाहिली की हे नाते आता गडाला झेपेनासे झाले आहे हे कळून चुकते. जुलै २०२३ मध्ये लोहगडाच्या पायऱ्यांवर एकाच दिवशी इतकी माणसे चढली की वर जाणाऱ्यांना वर जाता येईना आणि खाली येणाऱ्यांना खाली उतरता येईना. एकापाठोपाठ एक दरवाजे, त्यांना जोडणारी नागमोडी चढण आणि दोन्ही बाजूंनी तटबंदी, ही रचना मुळी शत्रूची गर्दी अडविण्यासाठीच केलेली आहे. पर्यटकांची गर्दी तिने अडविली, यात त्या बांधणाऱ्यांचा काय दोष?

किल्ल्याला ऐपत असते, ही गोष्ट आज विस्मरणात गेली असली तरी किल्ले बांधणाऱ्यांना ती पूर्ण ठाऊक होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आज्ञापत्रात दुर्गांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि राज्यकारभाराची शिस्त म्हणून ते आजही वाचण्यासारखे आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, पाणी नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, एका झऱ्यावर विसंबून राहू नये, असे ते बजावते. याचा अर्थ असा की गडावर शिबंदी किती ठेवावयाची हे पाण्याला विचारून ठरत असे. त्याहून लक्षणीय सूचना केराविषयी आहे. गडावरील केर गडाखाली फेकू नये, तो जागच्या जागी जाळावा आणि राख परसात घालून भाजीपाला करावा, असा तिचा आशय आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्याला जे सुचले ते आजच्या सुशिक्षित पर्यटकाला सुचत नाही. चिप्सची पाकिटे आणि पाण्याच्या बाटल्या तो कड्यावरून खाली भिरकावतो. शिवाय त्या काळचा केर पालापाचोळ्याचा होता आणि आजचा प्लॅस्टिकचा आहे. तो जाळताही येत नाही आणि कुजतही नाही. पुण्यातील किती तरी तरुण मंडळी सुटीच्या दिवशी पोती घेऊन गडावर जातात आणि दुसऱ्यांचा केर पाठीवरून खाली आणतात. त्यांचे कौतुक जरूर व्हावे, पण त्यांच्या पाठीवर कायमची व्यवस्था उभी करता येणार नाही.

कायदा नाही असे नाही. प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ पासून आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. असे असूनही लेणी असोत की बुरूज, हाताला येईल तेथवर दगडावर प्रेमिकांची नावे बदामाच्या आकृतीसह कोरलेली दिसतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून जागेवर आहेत. त्या टिकल्या याचे एक कारण त्या फार उंचावर आहेत, हेही असावे!

याच कायद्याची दुसरी बाजू पुणे शहराच्या मध्यवस्तीत पाहावयास मिळते. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० साली झाली, १८२८ च्या आगीत आतील वास्तू भस्मसात झाल्या आणि तट, दरवाजे व जोती तेवढी उरली. या संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. परिणामी शेजारच्या जुन्या वाड्यात राहणाऱ्या माणसाला गळक्या घराची दुरुस्ती करावयाची तरी परवानगीसाठी खेपा घालाव्या लागतात. एकीकडे पिढ्यान्‌पिढ्या वारशाच्या सावलीत राहणाऱ्यावर इतका काटेकोर निर्बंध आणि दुसरीकडे तासाभरासाठी येऊन भिंत ओरबाडून जाणाऱ्याला मोकळे रान. हा विरोधाभास पुरातत्त्व खात्याच्या ध्यानी येत नसेल असे नाही. पण रहिवाशाचा पत्ता खात्याजवळ असतो, पर्यटकाचा नसतो.

आता जागतिक दर्जा मिळाल्यावर पर्यटकांची संख्या वाढणार आणि ती वाढावी अशीच शासनाचीही इच्छा आहे. सोयी पाहिजेत, यात शंका नाही. स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि धोक्याच्या जागी कठडा यांना कोणीही विरोध करणार नाही. प्रश्न रोपवेचा आहे. रायगडावर तो १९९६ पासून चालू आहे, सिंहगडाच्या रोपवेची चर्चा कित्येक वर्षे होत आली आहे आणि आता राजगडासाठीही तशी योजना मांडण्यात आली आहे. वृद्ध आणि अपंग यांनी गड पाहू नये काय, असा सवाल या संदर्भात केला जातो. सवाल रास्त आहे, परंतु रोपवेचा हिशेब वृद्धांच्या संख्येवर मांडला जात नाही. तो तासाला किती माणसे वर पोचतील यावर मांडला जातो. राजगडाच्या तीनपैकी दोन माच्या लांबट आणि अरुंद आहेत, बालेकिल्ल्याची वाट एका वेळी एका माणसाला कशीबशी पुरते. तेथे तासाला काहीशे माणसे उतरविली तर ती उभी कोठे राहणार?

शिवाय नोंद झाली आहे ती केवळ दगडी तटाची नव्हे. डोंगर, कडे, दऱ्या आणि त्यांचा युद्धासाठी करून घेतलेला उपयोग, हे सर्व मिळून त्या नोंदीचा विषय झाला आहे. त्या दृश्यात लोखंडी मनोरे उभे करावयाचे असतील तर जर्मनीतील ड्रेस्डेनची हकीकत आधी वाचावी. एल्ब नदीचे ते खोरे २००४ साली यादीत आले. वाहतुकीच्या सोयीसाठी नदीवर नवा पूल हवा, असा कौल नागरिकांनी २००५ मध्ये दिला. समितीने बजावले, शहराने ऐकले नाही आणि २००९ साली ड्रेस्डेनचे नाव यादीतून काढून टाकण्यात आले. पूल झाला, वाहतूकही सुधारली असेल. तो सौदा ड्रेस्डेनकरांनी डोळे उघडे ठेवून केला. येथे तो नकळत होऊ नये.

गर्दीवर उपाय म्हणून तिकीट महाग करण्याची सूचना नेहमी पुढे येते. व्हेनिसने २०२४ पासून ठराविक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांकडून शुल्क घेण्यास आरंभ केला, हा दाखला त्यासाठी दिला जातो. परंतु व्हेनिसचा पाहुणा आणि लोणावळा लोकलने मळवलीला उतरून भाजे गावातून लोहगडाची वाट धरणारा विद्यार्थी यांत अंतर आहे. शिवछत्रपतींच्या गडावर जावयास पैसे पडतात म्हणून कारकुनाने मुलांना घरी ठेवावे, ही स्थिती शोभणारी नाही. मोटार घेऊन येणाऱ्यावर शुल्काचा भार पडावा, पायी चालणाऱ्यावर पडू नये. मर्यादा घालावयाची ती संख्येवर घालावी. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला सुमारे ३००० माणसांची मर्यादा ठेवण्यात आली आणि आसपासच्या गावांच्या वनसमित्या ती व्यवस्था सांभाळू लागल्या. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक यादीत गेलेल्या या पठारावर मातीचा थर इतका पातळ आहे की एका पावलाखाली एका ऋतूची फुले जातात. त्या व्यवस्थेतही चुका झाल्या, कुंपण घातले गेले आणि ते काढावेही लागले. परंतु गावकऱ्याला रोजगार आणि फुलांना रक्षण या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे तेथे दिसले.

गडांवर गावकऱ्यांची आठवण होते ती बहुधा अतिक्रमण हटविताना. राज्यातील गडकोटांवरील अतिक्रमणे ३१ मे २०२५ पर्यंत काढण्याचे शासनाने ठरविले आणि सिंहगडावरही शेडवर हातोडा पडला. बेकायदा पक्की बांधकामे गेली हे योग्यच झाले. पण दह्याचे मडके आणि पिठल्या-भाकरीची टोपली डोक्यावर घेऊन गड चढणारी बाई बंगले बांधणाऱ्यांच्या रांगेत बसत नाही. टाकी कोठे आहेत, निसरडी वाट कोणती, आग्यामोहोळ कोणत्या कड्याला आहे, हे तिला आणि तिच्या घरच्यांना जितके ठाऊक आहे तितके कोणत्याही रखवालदाराला नाही. किल्ल्याची राखण करणाऱ्या मेटकऱ्यांना पूर्वी गडाच्या घेऱ्यातच वसविले जाई. त्यांच्या वंशजांना पगारी वाटाडे आणि रक्षक म्हणून नेमणे अवघड का असावे?

शाळांच्या सहलींचाही येथे विचार झाला पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत दीडदोनशे मुले एकदम गडावर सोडली जातात, दमलेले शिक्षक शिट्ट्या फुंकत फिरतात आणि मुलांच्या लक्षात राहतो तो डबा. त्यापेक्षा चाळीस मुलांची तुकडी, आधी वर्गात नकाशा आणि गडावर एखाद्या टाक्याचे मोजमाप, एवढे केले तरी इतिहासाचे पाठ्यपुस्तक निराळे वाटू लागेल. मुलांनी मोजलेले टाके पुढे त्यांच्या हातून घाण होण्याचा संभव कमी.

शिवनेरी आणि लोहगड केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत, राजगड राज्याच्या खात्याकडे, पायथ्याचे जंगल वनखात्याकडे, रस्ता आणखी कोणाकडे आणि बंदोबस्त पोलिसांकडे. गर्दीत माणूस कड्यावरून पडला तर जबाबदारी कोणाची, यावर हे सर्व एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. निदान एक काम या सर्वांनी पुढच्या पावसाळ्याआधी मिळून करावे. लोहगडाच्या पायऱ्यांची रुंदी, राजगडावरील पाण्याचा साठा आणि शिवनेरीच्या सात दरवाजांतून सुरक्षितपणे खाली येण्यास लागणारा वेळ मोजून प्रत्येक गडावर एका वेळी जास्तीत जास्त किती माणसे असावीत, तो आकडा जाहीर करावा. मग गुंजवण्याच्या आणि पालीच्या वाटेवर दोन माणसे वही घेऊन बसविली तरी पुरे. आकडा भरला की पुढच्याने पायथ्याच्या गावात जेवण करून, खालचा एक माणूस परत येईपर्यंत थांबावे.