दुखतंय म्हणायची मुभा

२०२५चं वर्ष आपल्या मैदानांना चांगलं गेलं. जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्रातले निघाले. जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. त्याआधी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य मिळवलं होतं. असं काही घडलं की पेढे वाटून होतात न होतात तोच अकॅडम्यांच्या दारात रांगा लागतात. फी किती, बॅच किती वाजता, जिल्हा संघात किती मुलं गेली, एवढं विचारून आपण नऊ-दहा वर्षांचं पोर एका अनोळखी माणसाच्या हवाली करतो आणि गाडी वळवतो. घरी स्वयंपाकाला बाई ठेवताना आपण याहून जास्त चौकशी करतो.

अंकाचा विशेष विभाग यंदा मैदानावरच आहे, आणि त्यात कौतुकाचा मजकूर भरपूर आहे. म्हणून संपादकीयात दुसरी बाजू लिहायची ठरवली. सणासुदीला हा विषय कशाला, असं कोणी म्हणेल. पण मुलांची शिबिरं दिवाळीच्या सुट्टीतच भरतात.

सुरुवात एका थपडेपासून करू. शाळेच्या मोठ्या संघाचा सामना बघायला आपली मॅच बुडवून वानखेडेवर गेलेल्या लहानग्या सचिनला आचरेकर सरांनी कानाखाली दिली, ही गोष्ट महाराष्ट्रात प्रत्येकाला पाठ आहे. स्वतः तेंडुलकर ती कृतज्ञतेनं सांगतो आणि सरांच्या मायेबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण ही गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचली, कारण थप्पड खाणारा पुढे सचिन तेंडुलकर झाला. थप्पड खाऊन ज्यांनी दुसऱ्या दिवसापासून मैदान सोडलं, त्यांची आत्मचरित्रं निघत नाहीत. दरम्यान, गल्लीतल्या प्रत्येक शिबिरात ना आचरेकरांचं ज्ञान ना त्यांची माया असलेला कोणीतरी त्या एका थपडेच्या आधारावर हात उचलत असतो, आणि कुंपणाबाहेर उभे असलेले आपण म्हणतो, सर कडक आहेत, पण तयारी चांगली करून घेतात.

या कडकपणाचा पहिला धडा एकच असतो: दुखतंय म्हणायचं नाही. घोटा मुरगळला, पळ. चक्कर आली, नाटकं करू नकोस. पाणी नंतर. रडलास तर अजून दोन राउंड. मूल हे फार लवकर शिकतं. शरीर काय सांगतंय ते ऐकायचं नाही, आणि ऐकलं तरी मोठ्यांना सांगायचं नाही. ज्या मुलाला गुडघा दुखतोय हे सांगायची चोरी आहे, त्याला याहून अवघड गोष्ट सांगायला आपण कोणत्या तोंडानं म्हणणार?

अमेरिकेतल्या लॅरी नासर प्रकरणाकडे या अंगानं पाहायला हवं. अमेरिकी जिम्नॅस्टिक्स संघाचा हा डॉक्टर वर्षानुवर्षं उपचाराच्या नावाखाली मुलींवर लैंगिक अत्याचार करत राहिला. जानेवारी २०१८मध्ये मिशिगनच्या न्यायालयात दीडशेहून अधिक जणी त्याच्यासमोर उभ्या राहून बोलल्या आणि त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. या मुलींनी सांगितलेलं वातावरण नीट ऐकण्यासारखं आहे. टेक्सासमधल्या सराव केंद्रात आईवडिलांना प्रवेश नव्हता. खाण्यावर पहारा, वजनावरून टोमणे, दुखापत लपवायची सवय. अशा जागी चोरून खाऊ आणून देणारा, हसून विचारपूस करणारा एकच मोठा माणूस होता, तो म्हणजे हा डॉक्टर. कडक शिस्तीनं त्या मुलींचं रक्षण केलं नाही. शिस्तीनं त्यांना त्याच्याच दाराशी नेलं. आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी: काही मुलींवर अत्याचार झाले तेव्हा त्यांच्या आया त्याच खोलीत बसलेल्या होत्या. नुसतं सोबत असणं पुरत नाही.

आपल्याकडची गोष्ट याहून जुनी आहे. ऑगस्ट १९९०, पंचकुला. हरियाणा लॉन टेनिस संघटनेचे अध्यक्ष एस. पी. एस. राठोड हे पोलीस महानिरीक्षक. संघटनेचं कार्यालय आणि टेनिस कोर्ट त्यांच्या घराच्याच आवारात. चौदा वर्षांची रुचिका गिरहोत्रा तिथे खेळायला यायची. विशेष प्रशिक्षणाची सोय करतो म्हणून तिला बोलावण्यात आलं. सोबतच्या मैत्रिणीला प्रशिक्षकाला बोलावून आण म्हणून पिटाळण्यात आलं. मैत्रीण लवकर परतली, म्हणून विनयभंगाला साक्षीदार मिळाली. त्याच महिन्यात तक्रार झाली, सप्टेंबरात पोलीस महासंचालकांच्या चौकशीनं गुन्हा नोंदवण्याची शिफारसही केली. पण गुन्हा नोंदला गेला तो १९९९च्या डिसेंबरात. तोवर रुचिकाला शाळेतून काढून टाकण्यात आलं होतं, तिच्या भावावर गाड्या चोरल्याचे गुन्हे लागले होते, १९९३मध्ये तिनं आत्महत्या केली होती आणि राठोड राज्याचे पोलीस महासंचालक झाले होते. निकाल २००९च्या डिसेंबरात लागला. सहा महिने कैद आणि एक हजार रुपये दंड. पुढे शिक्षा दीड वर्षाची झाली. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोष कायम ठेवला आणि भोगलेली शिक्षा पुरे मानली.

या प्रकरणातून सगळे पोलिसी सत्तेचा धडा घेतात, तो खराच आहे. मला त्यात आणखी एक साधी गोष्ट दिसते. जिथे खेळायचं ते कोर्ट त्यांचं, संघटना त्यांची, निवड त्यांच्या हातात आणि तक्रार करायची तीही त्यांच्याच संघटनेकडे. आपल्या बहुतेक क्लबांची रचना आजही अशीच असते. सर प्रशिक्षक असतात, निवड समितीवर सर असतात, सचिव सरांचे मेहुणे असतात. त्यात आता प्रमाणपत्राची भर पडली आहे. दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. गरीब घरातल्या कबड्डीपटू मुलीसाठी सरांची सही म्हणजे पोलीस भरतीचं दार आहे. ती सही ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध ती कोणाकडे जाणार? आणि गेलीच तर घरचे आधी काय विचारतील, हे तिला माहीत असतं: आता खेळणं बंद.

सप्टेंबर २०१९मध्ये गोव्यात एका पंधरा वर्षांच्या जलतरणपटूनं प्रशिक्षकाचं कृत्य मोबाइलवर चोरून टिपलं. चित्रफीत देशभर फिरली, केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी दखल घेतली, प्रशिक्षकाला दिल्लीत अटक झाली. सगळे त्या मुलीच्या धैर्याबद्दल बोलले. पण पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःच पुरावा गोळा करावा लागतो, यातली नामुष्की तिची नव्हे, आपली आहे. २०२३मध्ये लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन जंतरमंतरवर ऑलिंपिक पदकविजेते मल्ल बसले, तेव्हा कुस्ती महासंघात कायद्याप्रमाणे अंतर्गत तक्रार समितीच नव्हती, असं सरकारनं नेमलेल्या समितीला आढळलं. आरोपांचा न्याय न्यायालय करील. समिती नसणं हा मात्र आरोप नाही, वस्तुस्थिती आहे. गळ्यात ऑलिंपिकचं पदक असलेल्यांना फुटपाथवर झोपून दाद मागावी लागली, तर तालुक्याच्या मैदानावरच्या पोरीनं काय करायचं?

हे झालं मोठ्यांनी केलेल्या त्रासाचं. मुलांनी मुलांना दिलेला त्रास आपण त्रासात धरतच नाही. स्पर्धेला गेलेला संघ कुठे उतरतो ते आठवा: एखाद्या शाळेचा वर्ग, बाक भिंतीला लावलेले, सतरंज्या, चाळीस मुलांना दोन संडास, आणि व्यवस्थापक साहेब गावातल्या ओळखीच्यांकडे जेवायला. रात्री दिवा मालवल्यावर त्या वर्गात सोळा-सतरा वर्षांच्या दादांचं राज्य असतं. ज्युनियरनं सगळ्यांच्या बाटल्या भरायच्या, किट उचलायची, पाय चेपायचे. जो नाही म्हणेल त्याचे बूट सकाळी मॅचच्या वेळी सापडत नाहीत. जाड्याला जाड्या, काळ्याला काळ्या, आणि ज्याची चाल जरा वेगळी त्याला जे म्हणतात ते इथे छापता येणार नाही. आता अंघोळीच्या वेळी काढलेले फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फिरतात. सरांच्या कानावर गेलं तर सर हसतात. आमच्या वेळी तर याहून जास्त व्हायचं. मे २०१५मध्ये केरळात आलप्पुळाच्या जलक्रीडा केंद्रात चार प्रशिक्षणार्थी मुलींनी एकत्र आत्महत्येचा प्रयत्न केला आणि एकीचा जीव गेला, तेव्हा नातेवाइकांनी ज्येष्ठ खेळाडूंच्या छळाकडे बोट दाखवलं होतं. ते केंद्र भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं होतं, कुठल्या गल्लीतल्या मंडळाचं नव्हतं.

कायदे नाहीत, असं समजू नका. २०१२चा ‘पॉक्सो’ कायदा सांगतो की मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकाचं कर्तव्य आहे. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘क्लबची बदनामी नको, आपसात मिटवू’ म्हणणारे सचिव हा गुन्हा करत असतात, आणि बऱ्याच जणांना ते ठाऊकही नसतं. ताब्यातल्या मुलाला मारहाण करणं, छळणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७५खाली गुन्हा आहे. स्टेडियम, क्रीडासंकुल, सरावाची जागा हे सगळं २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात ‘कामाचं ठिकाण’ म्हणून नोंदलेलं आहे. आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा कायदा केला. त्यात महिला आणि अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद आहे. चांगलं झालं. पण तो राष्ट्रीय महासंघांपासून सुरू होतो, आणि आपलं पोर जातं ते महापालिकेच्या मैदानावरच्या कोपऱ्यातल्या नेटमध्ये. शाळेत निदान मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असते, मुख्याध्यापिका असते, इतर शिक्षक असतात. तेच मूल संध्याकाळी सहाला क्लबच्या फाटकातून आत गेलं की त्याच्यासाठी यातलं काहीच नसतं.

क्लबातही अशी सोय हवी, हे इंग्लंडलाही ठेच लागल्यावरच सुचलं. १९९५मध्ये ब्रिटनच्या ऑलिंपिक जलतरण संघाच्या माजी प्रशिक्षकाला बलात्कारासाठी १७ वर्षांची शिक्षा झाली. त्या धक्क्यानंतर २००१मध्ये खेळातल्या बालसंरक्षणासाठी स्वतंत्र कक्ष उभा राहिला. आज तिथल्या फुटबॉल संघटनेशी जोडलेल्या मुलांच्या प्रत्येक क्लबात एक कल्याण अधिकारी असावा लागतो, आणि त्याचं काम मुलांचं ऐकणं हे आहे. याला पैसा लागत नाही. संघ निवडीशी संबंध नसलेली एक व्यक्ती लागते, एखादी निवृत्त शिक्षिका, एखादी डॉक्टर, आणि तिचं नाव व नंबर फाटकावर मोठ्या अक्षरांत. प्रशिक्षक आणि मूल बंद खोलीत एकटे नकोत, प्रवासात मुलींसोबत बाई हवी, मुलाला सरांनी एकट्यानं मेसेज करायचा नाही, मसाज कोण देणार आणि कोणासमोर हे आधी ठरलेलं हवं. चांगल्या प्रशिक्षकाचा यात अपमान कसला? खोट्या आरोपाची धास्ती असलेल्या प्रशिक्षकाला याच नियमांचा सगळ्यात मोठा आधार आहे. जो या नियमांवर चिडतो, त्याच्याकडे मात्र मूल पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाचकहो, अंक हातात पडेल तेव्हा शिबिरांचे अर्ज भरणं चालू असेल. फी आणि बॅचसोबत एवढं विचारा: मुलाला तुमच्याविरुद्ध काही सांगायचं असेल, तर त्यानं कोणाकडे जायचं? उत्तर ‘माझ्याकडेच’ असं आलं, तर फी भरू नका. घरी आलेल्या पोराला ‘आज किती रन काढलेस’ हे विचारण्याआधी ‘कुठे दुखतंय का’ विचारा, आणि उत्तर आलं तर त्याला लगेच मैदान बंद करू नका, नाहीतर पुढचं उत्तर येणार नाही. लहान मुलांच्या मदतीसाठी चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आहे. तो चोवीस तास चालतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मूल स्वतःही तो लावू शकतं.