संसाराची शिकवणी : बाईलाच का?

लग्न ठरलं की हॉल, जेवण, कपडे सगळ्यांची बोलणी होतात. मूल कसं वाढवायचं, भांडण कसं मिटवायचं, हे मात्र कुणी बोलत नाही. मग यासाठी वर्ग घेतले तर घरं सुधारतात का? आमचं मत असं की सुधारतात, पण सगळेच वर्ग सारखे नसतात.

अमेरिकेत सरकारने 8 ठिकाणी एक कार्यक्रम चालवला. लग्न न झालेल्या, पण मूल झालेल्या किंवा होणार असलेल्या जोडप्यांना नातं कसं टिकवायचं ते शिकवलं. 3 वर्षांनी पाहिलं, तर एकंदरीत नात्यात किंवा एकत्र राहण्यात फरक पडला नव्हता.

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात 552 गरीब कुटुंबांवर अभ्यास झाला. वर्ग 14 आठवड्यांचा. मुलांना सांभाळणारी मोठी माणसं आणि 10 ते 18 वयाची मुलं एकत्र बसली. शिकवणारी माणसं तिथलीच. सोबत जेवण. जे आले नाहीत, त्यांच्या घरी जाऊन विषय सांगितला. राग कसा आवरावा याबरोबर पैशांचा हिशेबही शिकवला. काही महिन्यांनी मारझोड कमी झाली, नशा कमी झाली, मोठ्यांच्या मनावरचा भार हलका झाला. मुलांचं वागणं मात्र फारसं बदललं नाही, हेही खरं.

दोन्हीकडचे विषय आणि माणसं वेगळी, म्हणून थेट तुलना करता येत नाही. तरी एक दिसतं : नुसत्या उपदेशावर विसंबू नये. घरातली सगळी माणसं आणि घरखर्चाची चिंता, दोन्ही वर्गात यायला हवीत.

आपल्याकडे अशा बैठकीला बायकाच येतात आणि 'सांभाळून घ्या' एवढंच ऐकून जातात. 1942 साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं की पत्नीने पतीची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभं राहावं, गुलाम म्हणून नव्हे. त्या बरोबरीचा धडा पुरुषांनीही गिरवायचा आहे.

आणि जिथे मारहाण चालू आहे, तिथे वर्गाची वाट पाहू नका. बाईसाठी 181, मुलासाठी 1098 हा नंबर लावा.

विहारात वर्ग ठेवाल तेव्हा वेळ कामावरून सुटल्यानंतरची ठेवा. आणि बंधूंनो, पहिल्या रांगेत तुम्ही बसा.