सूट नको, हक्क हवा

गर्भपातावर बोललं की मतं जातात. आधी निवडून येऊ, बायकांचं नंतर पाहू. हा सल्ला राजकीय पक्ष स्त्रियांना वर्षानुवर्षं देत आले आहेत. अमेरिकेतल्या दोन राज्यांनी तो खोटा पाडला, आणि त्यामागचा दुसरा धोकाही दाखवून दिला.

तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2022 मध्ये गर्भपाताच्या हक्काचं 1973 पासूनचं घटनात्मक संरक्षण काढून घेतलं आणि निर्णय एकेका राज्यावर सोपवला. केंटकीत बंदी आली. बलात्कारातून गर्भ राहिला तरी सूट नाही. 2023 च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे अँडी बेशिअर यांनी हा प्रश्न टाळला नाही. लहानपणी सावत्र बापाने बलात्कार केलेली एक तरुणी त्यांच्या जाहिरातीत बोलली. बंदीची पाठराखण करणारे प्रतिस्पर्धी डॅनिअल कॅमेरॉन यांनाही प्रचारात सूट देण्याची भाषा करावी लागली. रिपब्लिकनांच्या बालेकिल्ल्यात बेशिअर पुन्हा निवडून आले.

याचा आनंद आहेच. पण मैत्रिणींनो, प्रचारात जागा कोणाला मिळाली? जिची दया येते तिला. तीन मुलं पदरात असलेली, चौथं नको म्हणणारी साधी बाई निवडणुकीच्या हिशोबात बसत नाही. तिच्यासाठी सूट नसते. तिला हक्कच लागतो.

मतदार मात्र तिचं ऐकतात. मिसुरी राज्यात नोव्हेंबर 2024 मध्ये गर्भ आईच्या पोटाबाहेर जगू शकेल त्या टप्प्यापर्यंत गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालायला सुमारे 52 टक्के मतदारांनी कौल दिला. त्यात बाईने कारण सांगायची अट नव्हती. त्याच दिवशी त्यांनी या हक्काचे विरोधक जॉश हॉली यांना सिनेटवर आणि माइक किहो यांना गव्हर्नरपदावर निवडून दिलं. हक्क घटनेत आला, सत्ता विरोधकांकडे राहिली. 2025 मध्ये विधिमंडळाने हा हक्क रद्द करण्याचा प्रस्ताव 2026 च्या मतदानासाठी मंजूर केला. त्यात बलात्कार झालेल्या स्त्रीला 12 आठवड्यांपर्यंत सूट ठेवली आहे. म्हणजे पुन्हा दयाच!

सूट देणाऱ्याच्या हातात ती काढून घेणंही असतं. म्हणून या प्रश्नामुळे उमेदवार पडेल का, ही चिंता पक्षांनी करावी. आपण उमेदवाराला विचारायचं ते एवढंच: निर्णय बाईचा, हे तुम्हाला मान्य आहे का?